लाल समासाचा कागद

आधी माफी मागतो. शाळेच्या स्मरणिकेत लिहावं असा मी कोणी नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि तेही अजून पुरं झालेलं नाही. शेवटच्या वर्षाची परीक्षा व्हायची आहे. हिंदीच्या सरांनी पत्र पाठवून विषय दिला, ‘राष्ट्रीय एकता आणि हिंदी’. ‘तू हिंदी घेऊन बी.ए. करतोयस, तुझ्याशिवाय कोण लिहिणार,’ असंही खाली लिहिलं. सर, मी तीनदा बसलो. तिन्ही वेळा तुम्ही पाचवीत पाठ करून घेतलेलं भाषणच कागदावर उतरलं. म्हणून विषय जरा सोडून लिहितोय. गावात राहिलेल्यांनी वाचावं, आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांनीही.

मी निघालो त्या दिवशी जतच्या स्टँडवर मुंबईची गाडी दोन तास उशिरा लागली. बाबांनी माझी पत्र्याची पेटी खाली ठेवलीच नाही, खांद्यावरच धरून उभे राहिले. आई भाकरीच्या गाठोड्याची गाठ सोडून पुन्हा बांधत होती. सर, तुम्ही सायकलवरून आलात आणि तुमचा जुना हिंदी शब्दकोश माझ्या हातात दिलात. म्हणालात, ‘मुंबईत तुला भाषेची अडचण नाही. तू तर पंडित.’ मी पास झालेल्या हिंदीच्या परीक्षेचं नाव होतं ते, पण मला खरंच तसं वाटलं होतं. बाबांना शाळा माहीत नाही. शेळ्या घेऊन ते सीमेपलीकडच्या बाजाराला जातात आणि तिथं कानडी बोलतात, कुणीही न शिकवता. गाडी हलताना ते एवढंच म्हणाले, ‘ज्याच्या दारात हुबा ऱ्हाशील, त्याची बोली बोल.’

मामा मीरा रोडला हाटकेशच्या बाजूला राहतो. स्टीलचे डबे बनवणाऱ्या एका गाळ्यात तो प्रेस मशीन चालवतो. त्याची खोली गाळ्यांच्या मागेच, दिवसभर भिंतीतून ठोकाठोक ऐकू येते. तिथं माझी हिंदी पहिल्याच आठवड्यात उघडी पडली. वाण्याला मी म्हणालो, ‘कृपया मुझे एक पाव शक्कर प्रदान कीजिए.’ दुकानातली सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडे वळली. वाणी म्हणाला, ‘अरे, रेडियो आया है क्या?’ मामीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, ‘भैया, पाव किलो साखर देना, एवढंच म्हणायचं रे. कळतं त्याला. इथे सगळ्यांची हिंदी अशीच.’ मामीची हिंदी अर्धी मराठी होती, वाण्याची अर्धी गुजराती. पंडित एकटा मी होतो आणि माझंच कुणाला कळत नव्हतं.

ती हिंदी आवडली फक्त एका माणसाला. मामाच्या शेजारच्या मशीनवर रामसमुझ चाचा होते, उत्तर प्रदेशातले, पन्नाशीचे. ते गाळ्यातच राहत, म्हणजे राखणही तेच करत. मला म्हणाले, ‘बचवा, तोहार हिंदी तौ किताब वाली है. चिट्ठी लिखबो?’ चाचांना लिहिता-वाचता येत नव्हतं. गावी त्यांची मुलगी सुमन सातवीत होती, घरात वाचता येणारी ती एकटीच.

मग आमची एक पद्धत पडली. शनिवारी संध्याकाळी चाचा मजकूर सांगायचे, त्यांच्या अवधीत. मी वहीच्या पाठीमागे कच्चं टिपून घ्यायचो. रविवारी त्याची शाळेतली हिंदी करून फुलस्केपवर पक्कं लिहायचो. सर, तुम्ही शिकवलं तसंच, डावीकडे लाल पेनानं समास आखून. चाचा रविवारी बाजाराला जात, गाळा बंद असे, म्हणून कागद तीन घड्या घालून शटरखालून आत सरकवायचो. पाकिटांवर पत्ते मी दर वेळी एकदमच डझनभर लिहून द्यायचो. चाचा आल्यावर कागद पाकिटात घालत आणि पेटीत टाकत. तिकडे सुमन ते अंगणात मोठ्यानं वाचायची आणि आईला, आजीला परत अवधीत समजावून सांगायची. म्हणजे जी हिंदी आमच्यात येत-जात होती ती ना चाचांच्या घरची होती, ना माझ्या. दोघांनी ती शाळेतून उसनी आणलेली, मी आणि सुमननं. भाषणात आम्ही म्हणायचो, ‘हिंदी वह धागा है जिसमें सारा देश पिरोया गया है.’ तो धागा मी पहिल्यांदा पाहिला तो शटरखालच्या चार बोटांच्या फटीत.

उत्तर आलं की मी वाचून दाखवायचो. चाचा डोळे मिटून ऐकत आणि शेवटी कागद हातात घेऊन नुसताच बघत. एकदा म्हणाले, ‘बिटिया के अच्छर तोहरे जैसे होइ गए.’ तिनंही समास आखायला सुरुवात केली होती.

आता पुढचं.

मी दुसऱ्या वर्षाला होतो. त्या वर्षी मीरा रोडला वातावरण तापलं होतं. पाट्या मराठीत करा, बाहेरच्यांना कामं देऊ नका, अशा घोषणा दुपारीसुद्धा ऐकू यायच्या. रिक्षावाले कमी बोलायला लागले. वर्गात मॅडमनी सांगितलं की घटनेत राष्ट्रभाषा असा शब्द नाही, हिंदी संघराज्याची राजभाषा आहे. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, ‘मग आमच्या डोक्यावर कशाला?’ आणि दुसरा लगेच, ‘तेरे को कौन बोला सर पे रख?’ दोघं उभे राहिले. मॅडमनी तास सोडून दिला. मी खाली बघत बसलो होतो. मला दोन्ही बाजूंनी बोलता आलं असतं.

वर्गात नीलेश होता, नवघरचा, इथलाच मूळचा. त्याच्या आजोबांची जमीन जिथे होती तिथे आता सात मजली इमारती आहेत. गाळ्यांत नोकरी मागायला तो चार ठिकाणी गेला होता. शेठ म्हणत, ‘लोकल लडका नहीं चाहिए.’ नीलेशची तक्रार खोटी नव्हती. हेही मला लिहिलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की तो वाईट होता. त्यानंच मला कॉलेजात पहिल्यांदा चहाला बोलावलं होतं.

एका शनिवारी तो आणि त्याच्या मंडळातली तीन पोरं मला कँटीनमध्ये घेऊन बसली. गाळ्यांना एक नोटीस द्यायची होती.

‘तू लिव,’ नीलेश म्हणाला. ‘तुझी हिंदी बरी हाय. आमाला न्हाय जमणार.’

‘मराठीतच लिहा ना,’ मी म्हणालो.

‘मराठी त्यांना येते का? मग कशाला हाय हा सगळा?’

पोरं हसली. मी म्हणालो, मामा तिथं काम करतो. तेव्हा एक जण म्हणाला, ‘अरे सोड, हा पण बाहेरचाच. जत म्हणजे अर्धा कानडी.’ नीलेश त्याला म्हणाला, ‘गप रे. आपला हाय तो. काय रे, हाय ना?’

त्या ‘हाय ना’साठी मी लिहिलं. दुसरं कारण शोधून सापडत नाही.

त्यांनी सांगितलेले शब्द शिवराळ होते. मी ते सभ्य केले, आणि मला वाटलं, मी काहीतरी बरंच केलं. ‘आदरणीय बंधु, आपसे निवेदन है कि आठ दिन के भीतर यह स्थान छोड़कर अपने गाँव लौट जाएँ. इसके बाद जो होगा, उसका उत्तरदायित्व आपका होगा.’ मी म्हणालो, झेरॉक्स काढा. नीलेश म्हणाला, ‘झेरॉक्सवाला पण भैयाच हाय.’ म्हणून बारा गाळ्यांसाठी बारा प्रती मी हातानं लिहिल्या, त्याच फुलस्केपवर. हात सवयीनं चालतो. बाराही कागदांना मी लाल समास आखला.

त्यातली एक प्रत मामाच्या गाळ्यात जाणार हे मला माहीत होतं. मी मनाशी म्हटलं, चाचांना कुठे वाचता येतं. शेठ वाचेल आणि फाडून टाकेल. चाचांना वाचता येत नाही, हे त्या दिवशी मला सोयीचं वाटलं. सर, या सगळ्या लेखात मला जर एकच वाक्य ठेवायला सांगितलं, तर ते हे असेल.

संध्याकाळी चाचांनी नेहमीसारखा मजकूर सांगितला. म्हशीचं, सुमनच्या फ्रॉकचं, होळीला येण्याचं. मी टिपून घेतलं. रविवारी मात्र माझ्यानं लिहवेना, वही उघडलीच नाही. आणि त्याच रविवारी पोरांनी कागद तीन घड्या घालून, मी घालत होतो तशाच, बाराही शटरांखालून सरकवले.

सोमवारी दुपारी मी कॉलेजातून आलो तेव्हा चाचा गाळ्याच्या दारात उभे होते. म्हणाले, ‘चिट्ठी मिल गई, बचवा. डाल भी दिहेन.’

मी विचारलं, कुठली. ते हसले. ‘अरे वही, लाल लकीर वाली. तोहार अच्छर हम नाहीं चीन्हब का?’

मग आवाज खाली आणून म्हणाले, आजूबाजूच्या सगळ्या गाळ्यांत नोटीस आली आहे, लोक घाबरलेत. ‘हमरे गाला मा नाहीं आवा. तू हौ न इहाँ.’

रविवारी मी काहीच सरकवलं नव्हतं; पाकिटात गेली होती ती नोटीस. तेव्हाच सांगायला हवं होतं. पत्र तासाभरापूर्वी पेटीत पडलं होतं. पोस्टात जाऊन विनवणी करता आली असती. नंतर चार-पाच दिवस होते, त्यातही सांगता आलं असतं. मी रोज ठरवायचो. मामानं विचारलं, ‘काय रे, जेवत नाहीस?’ मी म्हणालो, परीक्षा आहे. चाचा रोज पोस्टमनची वाट बघत, आणि उत्तर आलं की ते वाचायला माझ्याकडेच आणणार होते.

आठ दिवस संपले त्या सकाळी पोरं आली. दोन गाळ्यांचे बोर्ड काढले, एका शटरवर लोखंडी सळई आपटली. तो आवाज प्रेस मशीनपेक्षा मोठा नव्हता, पण सगळी मशीनं थांबली. नीलेशनं मामाच्या गाळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पुढे गेला. शेठनं दोन दिवस गाळा बंद ठेवला.

उत्तर आलं नाही. शेठच्या फोनवर गावाकडून निरोप आला: सुमनची आई आजारी आहे, ताबडतोब निघा. चाचांनी पिशवी भरली. रिक्षा स्टँडपर्यंत मी ती उचलून नेली. वाटेत त्यांनी विचारलं, ‘चिट्ठी मा तौ सब ठीकै लिखे रह्यो न?’

मी म्हणालो, ‘हाँ, चाचा.’

उरलेली सात पाकिटं त्यांनी माझ्या हातात दिली. ‘रखे रहौ. लौट के काम अइहैं.’ ते परतले नाहीत. होळी गेली, त्यांच्या मशीनवर दुसरा माणूस आला. मी कॉलेज बदललं नाही, पण नीलेशच्या शेजारचं बाक बदललं. त्यानं एकदाच विचारलं, ‘रागावलास?’ मी नाही म्हणालो. खरं तर त्याच्यावर नव्हतोच. सात पाकिटांवर माझ्याच अक्षरात त्या घराचा पत्ता होता, आणि आत घालायला माझ्याकडे एक ओळ नव्हती.

मी सुट्टीत गावी आलो होतो, तुम्हाला आठवत असेल. बाबा बाजारातून आले आणि जेवताना सांगत होते, पलीकडच्या व्यापाऱ्यानं त्यांना घरी नेऊन जेवू घातलं. मी विचारलं, ‘तुम्हाला कधी कुणी म्हणालं का, तुमच्या गावाला जा?’ बाबा म्हणाले, ‘म्हनत्यात की. पर तोंडावर म्हनत्यात.’ त्यांना काही माहीत नव्हतं. मी ताटावरून उठलो.

घर म्हणजे आता काय, असं या लेखात शेवटी लिहायचं असतं. मला नीट सांगता येत नाही. जतला आलो की दोन दिवसांत हाटकेशची ठोकाठोक आठवते, आणि तिथं असलो की आईची गाठ. दोन्हीकडे मला कुणी जा म्हणत नाही. पण त्या पाकिटांवरचा तिसरा पत्ता, जिथं मी कधी गेलो नाही, तो मला सगळ्यांत जास्त पाठ आहे. तिथून बोलावणं येईपर्यंत आपण कुठेच नीट पोचलो नाही, असं वाटत राहतं.

सर, तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात मामाच्या पत्त्यावर दुसरंही एक आलं. फुलस्केप, डावीकडे लाल समास. सुमन आता नववीत आहे. ती लिहिते, त्या दिवशी अंगणात सगळ्यांसमोर मी पत्र उघडलं आणि पहिल्या ओळीनंतर थांबले. मग उरलेलं मनानं रचून वाचलं, म्हैस, फ्रॉक, होळी. आईला काही झालं नव्हतं. बाबूजींना परत आणायला तो निरोप मीच पाठवला. कुणाला काही सांगितलं नाही, कागद पेटीत तळाशी ठेवला. पुढचं तिच्याच शब्दांत देतो, मला बदलवत नाही.

‘बाबूजी फिर बंबई जाना चाहते थे. मैंने कहा, पहले पढ़ना सीखिए, फिर किसी दूसरे की लिखावट पर नहीं रहना पड़ेगा. साल भर से रोज़ शाम को मेरे पास बैठते हैं. पिछले इतवार उन्होंने संदूक से आपका वह काग़ज़ निकाला और ओसारे में ले जाकर पढ़ने लगे. आधा दिन लगा. मुझसे एक भी अक्षर नहीं पूछा. फिर तह करके वापस रख दिया और बोले, उसको लिख दो, चिट्ठी मिल गई.’