मारुतीला बोललेला खोंड

गाय मी आणली होती, हे आधी सांगून ठेवतो. कंधारकडच्या बाजारातून, एका मुरलेल्या दलालाशी ऊन उतरेपर्यंत घासाघीस करून आणली होती. तिच्या पोटचा लाल खोंड माझा होता. गावात आजही कुणी वेगळं सांगत असेल, तर त्याने माझ्यासमोर येऊन सांगावं.

आमचं गाव सोनपेठच्या बाजूला, गोदावरीच्या अंगाला. वडील लवकर गेले. तेव्हा दादाने, माझ्या थोरल्या भावाने, एका जमीनदाराची म्हातारी होत आलेली गाय अर्धलीने पाळायला घेतली. म्हणजे चारा-पाणी आपलं, आणि होणारं एक वासरू त्यांचं, एक आपलं. त्या एका गायीवर त्याने गोठा उभा केला. मी बाजार धरले. जनावर दादाच्या हातून वाढायचं आणि माझ्या तोंडून विकलं जायचं.

गावात कुणाची गाय अडली की माणूस दादाकडे धावत यायचा आणि दादा ताटावरून उठायचा. ऐन पेरणीत कुणाचा बैल बसला तर आमचा सोडून द्यायचा. आमची पेरणी मागे राहायची. मी तोंड सोडायचो. तो म्हणायचा, "बैल काय गोठ्यात बसून शाना व्हनार हाय का?" गुरांशी तो हळू बोलायचा. ती सवय त्याला इतकी लागली होती की आम्हा घरच्यांनाही त्याचा मोठा आवाज माहीत नव्हता. संध्याकाळी गायरानातून गुरं परतायची, त्यांच्या मागून तो यायचा, खांद्यावर कुणाचं तरी दमलेलं वासरू. असा माणूस घरात असला की आपण उगाच तापट दिसतो.

मला एकच गोष्ट हवी होती. पोळ्याला आमच्या वेशीत बैल मानाप्रमाणे उभे राहत. पुढे माली पटलाची, म्हणजे गावच्या पाटलाची जोडी, मागे मोठ्या शेतीवाडीची घरं, आणि शेवटी आम्ही, दुसऱ्याच्या बैलांचे कासरे धरून. लहानपणापासून मी तिथे उभा राहिलो होतो. पुढे गोठ्यात गुरं झाली, तरी डोळ्यांत भरावी अशी एका रंगाची, एका उंचीची जोडी काही जमली नव्हती. एक लाल बैल मी मिळवला होता. त्याला जोड शोधत तीन तालुके हिंडलो. आणि जोड निघाली घरातच. कंधारच्या गायीचा खोंड वाढू लागला तसं माझ्या लक्षात आलं: तोच रंग, तीच शिंगं, वशिंडाची तीच ठेवण. दोन पोळे थांबायचं, एवढंच उरलं होतं.

त्या उन्हाळ्यात जहागिरदाराचा कारभारी गावात आला. मारुतीच्या पारावर त्याला पाणी दिलं. नेमका तेव्हाच आमचा खोंड समोरून गेला. कारभाऱ्याची नजर त्याच्यावर थांबली. ह्या माणसाला जनावर आवडलं की त्याचा भाव मालक सांगत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"किसका है?" त्याने विचारलं.

मी हात जोडून पुढे झालो. "सरकार, मारुतीला बोललेला हाय. गावाचा वळू म्हणून सोडायचाय त्याला."

देवाला सोडलेल्या वळूला कुणी जुंपत नाही, कुणी विकत नाही, कुणी अडवत नाही. कारभाऱ्याने मान हलवली, घोड्यावर बसला आणि गेला. मी मनात म्हटलं, आजचा सौदा आपला.

संध्याकाळी दादा गोठ्यात गाय खाजवत उभा होता.

"कवा सोडायचा?" तो म्हणाला.

"काय?"

"खोंड."

"दादा, कारभाऱ्याला टाळायला बोललो मी ते."

"पारावर हुबा राहून बोललास."

"मग? बाजारात मी रोज देवाची आन घेतो."

"बाजारातला देव तुझ्या वळखीचा आसंल. ह्यो गावचा हाय. आता ह्याला जाऊन काय सांगू, सौदा फिसकटला म्हनून?"

मला हसूही आलं आणि रागही आला. गावचा जुना वळू आदल्या वर्षी मेला होता, हे मला माहीत होतं. पण माझी जोडी मोडून गावाच्या गायी गाभण करायच्या, हा कुठला न्याय? मी दादाशी सौद्याला बसलो. पुढच्या वेताचा खोंड सोडू म्हणालो. नाहीतर चांगला वळू बाहेरून आणून देतो म्हणालो. त्याने एकदाही नाही म्हटलं नाही. तो गाय खाजवत राहिला. समोरचा माणूस बोलतच नसेल तर भाव करायचा कसा?

दुसऱ्या दिवशी शेजारची काकी दारात आली. तिच्याकडे एकच गाय होती आणि ती वर्षभर रिकामी होती. माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "लय मोठं मन केलंस रं बाबा." मागून दोघे-तिघे आले. मला सुटायला जागाच राहिली नाही.

खोंडाच्या फऱ्यावर त्रिशूळाचा डाग दिला, त्या दिवशी मी मुद्दाम पाथरीला गेलो. परतलो तेव्हा गुरं घरी येत होती. खोंडही त्यांच्याबरोबर आला आणि सवयीने आपल्या खुंट्याकडे वळला. जनावराला कधी हात न उगारणाऱ्या दादाने दारात आडवं होऊन उपरणं झटकलं. खोंड थबकला. पुन्हा पुढे आला. दादाने पुन्हा झटकलं.

"तो सोताहून यायलाय," मी म्हणालो. "येऊ दे की."

"आत आला की आपला व्हतो," दादा म्हणाला. मग कुंपणाबाहेर जाऊन खोंडाजवळ मातीत बसला. वहिनीने दोनदा जेवायला हाक मारली, तरी उठला नाही.

मी त्याच महिन्यात परभणीला बिऱ्हाड केलं. पुढे तिथेच माझा जम बसला. पण दर पोळ्याला मी गावी जायचो, भांडायला. उंबऱ्यात पाय ठेवला की सुरू व्हायचो: गाय कुणी आणली, खोंड कुणाचा. दादा ऐकून घ्यायचा. मग मला गोठ्यात नेऊन नवी वासरं दाखवायचा, कुणाच्या पाठीवरचा भोवरा, कुणाची खोड. वहिनी म्हणायची, "भावजी, राग जेवून काढा, उपाशीपोटी नगं." मी दोन दिवस राहायचो. मला वाटायचं, मी हिशोब मागायला जातो.

एकदा निघताना दादाने विचारलं, "आजून राग हाय?"

"हाय."

"आसू दे. हाय तवर येशील."

निजामाचं राज्य जायच्या आधीच्या गडबडीत रस्ते धड राहिले नव्हते. गावोगावची माणसं घरं सोडून जात होती. दादाने बायका-पोरांना वऱ्हाडात पाठवलं आणि स्वतः गुरांसाठी मागे राहिला. त्या पोळ्याला मला जाता आलं नाही. पावसाळ्यातच तो तापाने गेला. निरोप माझ्यापर्यंत आला तेव्हा दहावा उलटून गेला होता.

रस्ते सुरू झाल्यावर गेलो. वहिनी परत आली होती. अंगणात घोंगडी टाकून तिने पाणी दिलं. मी गोठ्याकडे पाहिलं नाही.

"भांडा की," वहिनी म्हणाली. "त्यांच्या वाटचं मी ऐकते."

मी सुरू केलं. गाय मी आणली होती. खोंड माझा होता. मला न विचारता डाग दिला.

"तुमचंच बराबर हाय, भावजी," ती म्हणाली.

भांडण तिथेच संपलं. तिने ताट वाढलं. मी जेवलो आणि दुपारीच परभणीची वाट धरली.