पानं लावून मिळतील

मी शहाद्यात बसून वाचता वाचता खेळायची पुस्तकं लिहितो आणि स्वतःच ऑनलाइन विकतो. पैसे भरायचे, फाइल उतरवून घ्यायची. वाचक म्हणजे तोरणमाळच्या जंगलात वाट चुकलेला माणूस. डावीकडे जायचं तर पान सत्तेचाळीस उघडा, उजवीकडे तर पान बारा. चुकीची वाट धरली की दरीत पडून मरण. ही मरणं लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

पुरुषोत्तमनगरच्या एका गिऱ्हाइकाने पाच तारे दिले आणि लिहिलं, ‘सरळ गोष्ट आहे, कुठेच अडत नाही.’ माझं डोकंच फिरलं. विचारलं तेव्हा कळलं, की त्याने फाइल स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून, बांधून घेतली होती.

दुसऱ्या भागाचा पेनड्राइव्ह खिशात टाकून मी तिथे गेलो. ओळख न देता त्या पुस्तकाचा विषय काढला. झेरॉक्सवाल्याला ते चांगलंच आठवत होतं.

“सगळी पानं उलटीपालटी व्हतीत भाऊ. आख्खी दुपार बसीसन वाचं नि गोष्टप्रमानं लाई दिधात. जठे मानूस मरी जास ती पानं काढी टाकात. कागद बी वाचना.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “ज्यानी लिखं शे ना, त्याले पानं लावता येत नही.”

मी मान डोलावली.

“तुमले काय काढनं शे?”

मी आधार कार्डाची दोन्ही बाजूंनी झेरॉक्स काढून घेतली आणि घरी आलो.