परवाना लागत नाही

बटरवर्थ बंदराजवळच्या, परदेशात यंत्रं विकून पाठवणाऱ्या एका कंपनीत बी ल्यान सव्वीस वर्षं एकच काम करत होती. कुठल्या मालाला सरकारी परवाना लागतो आणि कुठला तसाच जाऊ शकतो, हे ठरवायचं. बाई भलती खमकी. तिने 'परवाना लागत नाही' असं लिहून सही ठोकली, की बॉससुद्धा कागद पुन्हा बघत नसे.

पण सवयीने तीही ढिली पडली होती. गिऱ्हाइकाचा माल एकदा कागदावर तपासला, की पुढच्या प्रत्येक खेपेवर नुसतं 'मागच्याप्रमाणे' लिहायचं. ही पद्धत तिनेच पाडलेली.

त्या सोमवारी एकाच गिऱ्हाइकाला कार्बनचा धागा गुंडाळायचं बारावं यंत्र जायचं होतं. गिऱ्हाईक म्हणे मासे पकडायच्या गळाच्या काठ्या बनवतं. कॅटलॉगमध्ये यंत्र दोन मोटरींचं, म्हणून परवाना नको. तीन मोटरी एकदम चालल्या तर त्याच यंत्रावर रॉकेटचं कवच गुंडाळता येतं, आणि मग परवाना लागतोच.

"आंटी, यंत्र बसवायला आपला माणूस नको म्हणतायत हे," शेजारच्या टेबलावरची अझिला म्हणाली. "फुकट पाठवतोय तरी! काय लफडं आहे?"

बी ल्यानने टपरीवरून पिशवीत बांधून आणलेली कॉफी तशीच खिळ्याला अडकवली आणि थेट गोदाम गाठलं. खोक्याची फळी काढायला लावली. यंत्राच्या बाजूला एक पत्र्याचं झाकण होतं. ते उघडलं तर आत तिसऱ्या मोटरची जागा तयार, वायरसुद्धा ओढून ठेवलेली. ती तडक टेबलाशी परतली.

"अझिला, यांना सुट्या मोटरी किती गेल्यात बघ गं."

"बारा, आंटी. मार्चमध्ये. 'मागच्याप्रमाणे'... सही तुमचीच आहे."

बॉस धावत आला. "आंटी, जहाज उद्याचं आहे! अकरा गेली, तेव्हा काही झालं का?"

"काय झालं तेच तर माहीत नाही ना, बॉस!" ती खेकसली. "हे जाणार नाही. आणि सरकारला मी सगळं कळवणार, माझ्या नावानिशी."

तिने गिऱ्हाइकाला लिहिलं: परवाना लागेल, यंत्र कोण वापरणार ते कळवा. त्यांनी भांडावं, असं तिला मनापासून वाटत होतं. खरा काठ्यावाला भांडलाच असता.

जेवणाआधीच उत्तर आलं. अगदी नम्र.

'परवान्याची तसदी घेऊ नका. बारावं राहू द्या. आमचं अकरांत भागेल.'