पिस्तूल जमा असतं ते दिवस

सोमाटण्याच्या जमिनीचा वाद पेटला तेव्हा सासऱ्यांना, म्हणजे आबांना, धमकीचा एक फोन आला. त्यांनी धावपळ करून आत्मसंरक्षणासाठी पिस्तुलाचा परवाना मिळवला. वाद मिटला, फोनही पुन्हा आला नाही. पिस्तूल मात्र माझ्या लोखंडी कपाटात, साड्यांमागे ठाण मांडून बसलं. आबांना विसरायला होतं, म्हणून किल्ली माझ्या कमरेला. परवाना त्यांचा आणि घोर मला!

तेव्हापासून माझा पाय घराबाहेर टिकत नाही. कामशेतला भाचीच्या लग्नात अक्षता टाकल्या आणि न जेवताच परत फिरले. लग्नात ते नेता येत नाही आणि घरात एकटं सोडवत नाही. तान्ह्या बाळाचीसुद्धा एवढी राखण मी केली नव्हती.

निवडणूक लागली, की आचारसंहितेत ते पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. यंदा जमा करून आल्यावर आबा ओट्यावर बसून धुमसत होते. "आता कुनी घरावर आलं, तर काय लाटनं घिऊ हातात?"

दुसऱ्या दिवशी मी लोणावळ्याला मैत्रिणीकडे गेले, पोटभर जेवले, दुपारी तिथेच गाढ झोपले. घरी आले तर घरात कुणी नाही आणि दाराला कुलूपच नव्हतं. मीच लावायचं विसरले होते आणि दिवसभरात ते आठवलंही नव्हतं.

निकाल लागला. आबा टोपी घालून पिस्तूल आणायला पोलीस ठाण्याकडे निघाले. मी दारातून हाक मारली, "आबा, आता पुढची निवडणूक कधी?"