मामांची साथ

मुंबईतल्या गाणाऱ्या माणसांची संख्या कमी करण्याचं काम घशाच्या विकारांच्या खालोखाल कुणी केलं असेल, तर ते माझ्या मामेसासऱ्यांनी. मामा पियानो वाजवतात, आणि तोही साधासुधा नव्हे, बीबॉप. बीबॉप म्हणजे काय, असं मी लग्न ठरलं तेव्हा त्यांना भाबडेपणाने विचारलं होतं. तो प्रश्न मागे घेण्याची सोय आजतागायत मिळालेली नाही. माझ्या अल्पमतीप्रमाणे हा जॅझचा एक प्रकार असून त्यात ओळखीची चाल घ्यायची, ती कुणालाही ओळखू येणार नाही इतक्या वेगाने वाजवायची आणि वर लोकांना कान नाहीत म्हणून हळहळायचं. "जावईबापू," मामा तेव्हा म्हणाले होते, "पत्त्यावर थेट पोचतो तो पोस्टमन. कलावंत गल्ल्या हिंडतो." मामांबरोबर त्या गल्ल्यांत शिरलेले कित्येक श्रोते अजून घरी परतलेले नाहीत.

घराणं फणसवाडीतलं, तीन पिढ्या कारकुनांची. मामांनीही कचेरीत चिकटावं म्हणून वडिलांनी त्यांना टायपिंग शिकायला धाडलं. मामा रोज संध्याकाळी धोबीतलावला जात, पण एका गोवेकर मास्तरांकडे पियानो शिकायला. बोटं चालतात, एवढं ते घरी खरं सांगत. दोन वर्षांनी एक जुना पियानोच चाळीच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा वडिलांना उलगडा झाला. दुसऱ्या मजल्यावर तो चढवायला गॅलरीचा कठडा काढावा लागला. खालच्या बिऱ्हाडातल्या गृहस्थांनी त्याच आठवड्यात भिंतीवरच्या सगळ्या तसबिरी उतरवून ठेवल्या. त्या अजून जमिनीवरच आहेत.

पुढे काही वर्षं मामा कुलाब्याकडच्या एका बड्या हॉटेलच्या लॉबीत वाजवत. तिथे एका शेटजींच्या ऐंशीव्या वाढदिवसाला मॅनेजरने त्यांना 'हॅपी बर्थडे'ची नेहमीची चाल वाजवायला सांगितली. मामांनी सुरुवात नेहमीसारखीच केली. मग डावा हात एकीकडे गेला, उजवा दुसरीकडे, आणि शेटजी केकवर सुरी धरून उभेच राहिले. टाळ्या वाजवायला सरसावलेली मंडळी दोनदा फसली. मेणबत्त्या आपोआप विझल्या. शेवटी शेटजींना खुर्ची आणून दिली. मामांचं म्हणणं असं की, ऐंशी वर्षांचं आयुष्य अर्ध्या मिनिटात मावणार कसं? मॅनेजरचं म्हणणं त्यांना दुसऱ्या दिवशी पत्राने कळवण्यात आलं.

मग मामा गायकांच्या साथीकडे वळले, आणि गायक इतर साथीदारांकडे. दादरच्या एका भावगीत गायकांनी भर कार्यक्रमात मागे वळून, जरा सा द्या हो, अशी विनवणी केली. मामा हात न थांबवता म्हणाले, "त्यातच आहे, शोधा." ते गृहस्थ हल्ली फक्त निवेदन करतात.

गाणाऱ्यांत टिकल्या त्या फक्त बाई. बाई परळच्या भोईवाड्यात राहणाऱ्या, गिरणी कामगाराची मुलगी, मामांपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. आवाज धारदार आणि जीभ त्याहून. तीस वर्षं दोघं भांडत भांडत एकत्र कार्यक्रम करत आले. मामांनी गाणं कितीही लांब भरकटवलं तरी बाई डोळे मिटून आपल्या वाटेने चालत राहायच्या आणि समेवर पोचून त्यांची वाट बघायच्या. "आलास का रे?" असं त्यांनी एकदा माइकवरच विचारलं. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. त्या मामांनी स्वतःसाठी घेतल्या.

गेल्या वर्षी बाईंना विसरायला होऊ लागलं. आधी चष्मा, मग गॅस, मग त्यांना सांभाळणाऱ्या पुतणीचं नाव. हा आजार वाढतच जाणार, असं डॉक्टर म्हणाले. ते पुतणीने फक्त मामांना सांगितलं. त्याच सुमारास दादरला एका रविवारी सकाळी बाईंचा सत्कार ठरला, आणि आपण गाणारच, असा बाईंनी हट्ट धरला. पुतणी नको म्हणत होती. लोकांसमोर अडखळल्या तर काय, या विचाराने तिची झोप उडाली होती. मामा तिला म्हणाले, "मी आहे ना." ते ऐकून तिची काळजी दुपटीने वाढली. माझीही.

पहिलं कडवं छान झालं. दुसऱ्याच्या तोंडाशी बाई थांबल्या. पुन्हा धृपद घेतलं, पुन्हा तिथेच थांबल्या. तिसऱ्यांदा धृपद आलं तेव्हा लोक खुर्च्यांत चुळबुळ करू लागले. बाई समोरच्या माइककडे अशा बघत होत्या, जणू हा इथे कुणी आणून ठेवला. निवेदक पुष्पगुच्छ घेऊन विंगेतून निघाले. मामांनी नुसती मान हलवली, आणि ते जागीच थांबले.

मग मामांनी दुसऱ्या कडव्याची ओळ वाजवली. एका बोटाने. अंधाऱ्या जिन्यात एकेक पायरी सांगावी तशी, ओठांनी शब्द पुटपुटत. त्यांना शब्द पाठ असतील असं आमच्यापैकी कुणालाच कधी वाटलं नव्हतं. बाईंनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं आणि पहिला शब्द उचलला. मामांनी पुढचा दिला, तोही उचलला. असं ते कडवं पार पडलं, मग तिसरं. एकही जादा सूर नाही. माझ्या शेजारी मामी पर्समध्ये रुमाल शोधत होत्या आणि तो त्यांच्या हातातच होता.

कार्यक्रमानंतर मी पडद्यामागे गेलो तर बाई शाल सावरत मामांना झापत होत्या. मध्ये आपण अडलो होतो, हे त्यांच्या ध्यानातही उरलं नव्हतं.

"आज वाजवलंस कुठे रे तू? नुसतं टिंग टिंग. म्हातारा झालास."

मामांनी आयुष्यात कुणाची टीका ऐकून घेतलेली नाही. मी पुढच्या स्फोटाची वाट पाहिली.

"खरंय बाई," मामा म्हणाले. "बोटं जरा आखडलीत आज."

"तेल लाव," बाई म्हणाल्या.

बाई आता बाहेर कुठे गात नाहीत. मामा दर गुरुवारी दुपारी छोटा कीबोर्ड काखोटीला मारून भोईवाड्यात जातात. एकदा मीही बरोबर गेलो. बाईंनी मामांकडे बराच वेळ पाहिलं आणि अगदी अदबीने विचारलं, आपण कोण? मला वाटलं, मामा नाव सांगतील, तीस वर्षांची आठवण करून देतील. त्यांनी तसं काहीच केलं नाही.

"साथीला आलोय," ते म्हणाले.

बाईंनी त्यांना बसायला सांगितलं, पण आपल्याला सुरुवात करायला जरा वेळ लागतो, असंही बजावलं. मामा हो म्हणाले. आणि मग ते पट्ट्यांवर हात ठेवून, एकही सूर न छेडता, बाईंकडे बघत बसून राहिले.