दुकान त्यांचं, कर्ज माझं

नवऱ्यापासून वेगळी राहायला लागून सात महिने झाले, तेव्हा वाटणीची बैठक ठरली. घाटंजीला, त्याच्या मामांकडे. कोर्टात जायचं नाही हे आम्हा दोघांनाही मान्य होतं. तेवढं भांडण करायची ताकदच उरली नव्हती. मी वडिलांना सोबत घेऊन पांढरकवड्याहून बसने गेले. वाटलं होतं, चौघं बसू, बोलू, मग लिहू.

पोचलो तर कागद आधीच तयार होता. स्टॅम्प पेपरवर टाइप केलेला. मामांनी चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. घर नवऱ्याचं, कारण प्लॉट त्याच्या नावावर. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान नवऱ्याचं, कारण चालवतो तो. मला माझे दागिने, कपाट आणि स्कूटी. आणि शेवटी, एका दमात, "पतसंस्थेचं कर्ज ज्याच्या नावावर असेल त्यानं फेडावं."

ते कर्ज माझ्या नावावर होतं. मी सरकारी कार्यालयात लिपिक. दुकान टाकायचं ठरलं तेव्हा प्लॉट अजून नवऱ्याच्या नावावर झाला नव्हता, त्याला कोणी कर्ज देईना, म्हणून माझ्या पगारावर उचललं. त्यातला एक रुपयाही माझ्या हाती आला नाही. बेअरिंग, पट्टे, ऑइलचे डबे होऊन तो सगळा दुकानाच्या फळ्यांवर जाऊन बसला. हप्ता मात्र माझ्या पगारातून कापला जात होता, घर सोडल्यावरही.

"मामा, दुकान त्यांचं अन् कर्ज माझं, हे कसं?"

"सूनबाई, सही कोनाची आहे त्याच्यावर? तुमचीच ना?"

"अन् माल कोनाच्या दुकानात आहे?"

ते हसले. लहान पोरीकडे पाहून हसावं तसे. "तुमाले पगार आहे. त्याले काय आहे?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मोबाइल चाळत होता. मग वडिलांकडे पाहिलं, तर ते हळूच म्हणाले, "कर ना सही, बाई. फिटून जाईन दोन-चार वर्षांत. कायले ताणतं?"

मामांचा राग आला होता. पण वडिलांचं ते बोलणं आजही विसरता येत नाही. मला नोकरी लागली तेव्हा याच माणसाने गल्लीभर पेढे वाटले होते. ती नोकरी काय दुसऱ्याचं दुकान पोसायला लागली होती?

मी पेन घेतलं आणि कर्जाची ओळ खोडली. आडवी, दोनदा.

"स्टॅम्प पेपर हाये तो!" मामा ओरडले.

"मले न विचारता कायले लिवला मंग?"

तेव्हा कुठे नवऱ्याने मोबाइल खाली ठेवला. "भरतो मी हप्ते," तो म्हणाला. मामांनी नवा कागद करायचं कबूल केलं.

सही करण्याआधी मी पतसंस्थेत जाऊन आले, हे बरं केलं. व्यवस्थापक म्हणाले, "मॅडम, तुमच्या घरातला कागद तुमच्यापाशी. आमच्यासाठी कर्जदार तुम्हीच. त्यांनी नाही भरलं तर पगार तुमचाच कापला जाईल."

मी नवऱ्याला निरोप पाठवला. त्याने स्वतःच्या प्लॉटवर कर्ज काढून माझं खातं बंद करावं, मगच सही. दोन महिने फोनवर फोन. आत्या, काकू, मावससासू, सगळ्यांचं एकच, "काहून एवढी अडून राह्यली?" त्याला कोणी विचारलं नाही, की बाबा, तू काहून अडून राह्यला. हट्टी मीच, पैशाची लोभी मीच. शेवटी त्याने प्लॉट गहाण ठेवला. कर्ज फिटल्याचा दाखला हातात आला, त्याच दुपारी मी सही केली.

घराचा स्लॅब टाकताना मी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून दिले होते. ते गेले. लिहून काहीच घेतलं नव्हतं. नवऱ्याकडून कोण पावती घेतं?

नातेवाइकांत आता मामांचं कौतुक चालतं. कोर्टाची पायरी न चढता घरातल्या घरात मिटवलं म्हणे. वडीलही मान डोलावतात. परवा मी त्यांना सरळ विचारलं, "बाबा, मी तेव्हा सही केली असती, तर त्याले मिटवलं म्हटलं असतं का मले बुडवलं म्हटलं असतं?"

ते चहा पीत राहिले.