डॉक्टरांचा बुधवारचा बाजार

फोन कुमुदचा होता. सकाळचे सात वाजत होते आणि मी ऑफिसला निघायच्या गडबडीत होते. "माधव गेला गं," एवढंच ती म्हणाली. आणि लगेच म्हणाली, "क्लिनिकच्या किल्ल्या कुठे ठेवल्यात ते सापडतच नाहीये." डॉक्टर माधव खांबेटे, कुमुदचा नवरा आणि आमचे बारा वर्षांचे शेजारी, पहाटे झोपेतच गेले होते. वय त्रेपन्न. दुसऱ्यांची हृदयं तपासण्यात आयुष्य गेलं, आणि स्वतःचं तपासून घ्यायला 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणत राहिले. मला अजून त्यांचा राग येतो.

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाने शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा घेतली. तिघेजण बोलले आणि तिघांनीही एकच वाक्य थोडं इकडेतिकडे करून म्हटलं : डॉक्टर जरा इंग्रजाळलेले होते, पण माणूस चांगला. हा 'पण' माझ्या डोक्यात गेला. अध्यक्षांनी शेवटी जाहीर केलं की डॉक्टरांबरोबर त्यांनी क्लिनिकमागे सुरू केलेला बुधवारचा बाजारही संपला, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी दिवाळीला हॉलमध्ये एक 'बाजार दिवस' ठेवू, तिकीट लावून, गाण्याच्या कार्यक्रमासकट. लोकांनी माना डोलावल्या. मी तेव्हा गप्प बसले, कारण कुमुद शेजारी होती आणि तिच्या हातात माझा हात होता. आता पाच आठवडे झालेत. आता मी गप्प बसणार नाही.

ओळख झाली तेव्हा पहिले सहा महिने मी समजत होते की डॉक्टरांचं गाव वाईच्या बाजूला कुठेतरी असावं. बोलता बोलता म्हणायचे, "आमच्या गावाला बुधवारी बाजार भरायचा," किंवा "आमच्या गावच्या अंड्यांना चव होती." शेवटी एकदा मी विचारलंच, की गाव वाईच्या अलीकडे की पलीकडे. डॉक्टर खो खो हसले. म्हणाले, "कसली वाई, वहिनी! मी पक्का गिरगावातला. गाव म्हणजे इंग्लंडमधलं. पाच वर्षं होतो मी तिथल्या हॉस्पिटलात." मग त्या गावाचं जे वर्णन सुरू झालं ते बारा वर्षं चालू राहिलं. मधोमध मोठा चौक. बुधवारी सकाळी आठला घंटा वाजली की बाजार उघडायचा. एका अंगाला गुरांचे कठडे आणि एका दमात बोली पुकारणारा लिलाववाला, दगडी कमानींखाली लोणी विकायला बसलेल्या शेतकरणी, आणि एक चिनीमातीची भांडी विकणारा पठ्ठ्या, जो अख्खा डिनर सेट टोपलीसकट हवेत उडवून झेलायचा आणि एक बशी फुटू द्यायचा नाही. आसपासच्या वीस खेड्यांतली माणसं यायची. चौकातून पलीकडे जायला अर्धा तास लागायचा म्हणे, गर्दीमुळे नाही तर प्रत्येकाशी बोलावं लागायचं म्हणून.

आम्ही सगळे सांगली, नागपूर, दादर यांच्या आठवणी काढून उसासे टाकणारे लोक. त्यात हा एक माणूस इंग्रजांच्या गावासाठी उसासे टाकायचा. साहजिकच लोकांनी नाकं मुरडली. एकदा अध्यक्ष भर पंगतीत म्हणाले, "डॉक्टर, दीडशे वर्षं राज्य केलं त्यांनी आपल्यावर, पुरे झालं की आता!" डॉक्टरांनी हातातला घास खाली ठेवला. "राज्य केलं ते लंडनच्या साहेबाने. माझ्या अंडीवालीने नाही केलं. तिला मी का म्हणून विसरू?" आणि डॉक्टरांनी शांतपणे अजून दोन जिलब्या मागून घेतल्या.

ही अंडीवाली कोण, ते त्यांनी मला नंतर कधीतरी गाडीत सांगितलं. सत्ताविसाव्या वर्षी ते त्या गावात गेले तेव्हा कोणी खोली भाड्याने देईना. फोनवर खोली रिकामी असायची आणि दारात यांचा चेहरा दिसला की भरलेली असायची. हॉस्पिटलच्या आवारातच एका कोंदट खोलीत राहायचे. कामापुरतं सोडून दिवसेंदिवस कोणाशी बोलणं नाही. एका बुधवारी नुसते भटकत बाजारात गेले आणि एका म्हाताऱ्या बाईकडून अर्धा डझन अंडी घेतली. तिने पिशवी हातात देताना विचारलं, पुढच्या बुधवारी येणार ना, तुमच्यासाठी तपकिरी अंडी बाजूला काढून ठेवते. "आठ महिन्यांत त्या देशात मला 'पुन्हा या' म्हणणारं ते पहिलं माणूस, वहिनी," डॉक्टर म्हणाले. "बाजारात कोणी परका नसतो हो. तिथे फक्त गिऱ्हाईक असतं." हे ऐकल्यावर मी त्यांची चेष्टा करणं थांबवलं.

त्र्याऐंशी साली भारतात जाताना ते आणि कुमुद वाटेत इंग्लंडला उतरले, मुद्दाम बुधवार गाठून गावाला गेले. चौकात पार्किंग झालं होतं. गुरांचे कठडे गेले होते, कमानींखाली एका बँकेची जाहिरात होती आणि कोपऱ्यात पाचसहा टपऱ्या, त्यातल्या दोन ट्रान्झिस्टर आणि जीन्सच्या. सगळं गाव बाहेरच्या हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानात गाड्या घेऊन जायला लागलं होतं. अंडीवाली कधीच वारली होती. मला वाटलं, परत आल्यावर हा विषय बंद होईल. झालं उलटंच. डॉक्टर पेटून उठले. "वहिनी, बाजार मेला नाही, तो पार्किंगखाली गाडलाय. आणि आपण तर या देशात आल्यापासून पार्किंगमध्येच राहतोय!" त्यांचं म्हणणं खरं होतं. पिस्कॅटवे शहराला लागून असलेलं आमचं हे गाव म्हणजे घरं, हिरवळी आणि गाड्या. रस्त्यावर पायी चालणारं माणूस दिसलं तर त्याची गाडी बंद पडली असणार असं आपण समजतो.

त्याच उन्हाळ्यात माझ्या सासूबाई मिरजेहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. आम्ही दोघं कामाला गेलो की त्या दिवसभर खिडकीत बसायच्या. महिन्याभरात जेवण तुटलं, छातीत धडधड सुरू झाली. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. त्यांच्याकडे अशा चौदा सासूबाई आणि आया यायच्या, सगळ्यांची तक्रार तीच आणि तपासण्या सगळ्या नॉर्मल. सासूबाईंचा हात धरून त्यांनी विचारलं, "मावशी, खरं सांगा, काय होतंय?" सासूबाई म्हणाल्या, "अहो डॉक्टर, इथं माणसंच दिसत नाहीत." डॉक्टर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "यांना गोळी नको. यांना बाजार पाहिजे."

बुधवारी दुपारनंतर त्यांचं क्लिनिक बंद असायचं. पुढच्या उन्हाळ्यात क्लिनिकमागच्या पार्किंगमध्ये त्यांनी बुधवारी चार ते सात बाजार भरवायचं ठरवलं. सगळे म्हणाले, शनिवारी ठेवा, सोयीचं पडेल. डॉक्टर म्हणाले, सोयीचं पाहिजे तर मॉल आहे. स्वतःच्या स्टेशन वॅगनमधून त्यांनी घरोघरच्या आयांना गोळा केलं. सासूबाईंनी तेव्हा आपला मुक्काम आणखी वाढवून घेतला होता. घडीची टेबलं मांडली. भाजणी, लोणची, कुंच्या, गोधड्या, घरामागच्या वाफ्यातली भाजी, असा सगळा माल आला. गिऱ्हाईकंही आली. आणि पहिला बाजार साफ कोसळला, कारण कोणी पैसेच घेईना! "अहो, तुमच्याकडून काय घ्यायचे? न्या तसंच." मंडळातल्या लेल्यांच्या आईंनी तर सगळं लोणचं पाऊण तासात वाटून टाकलं आणि वर प्रत्येकाला चहा विचारला. डॉक्टर टेबलांमधून तरातरा फिरत होते. "हा बाजार नाही! हे हळदीकुंकू आहे!" ते ओरडले. सासूबाईंनी त्यांनाच समजावलं, "ओळखीच्या माणसाकडून पैसे कसे हो घ्यायचे? लाज नाही का वाटणार?" डॉक्टर म्हणाले, "मावशी, फुकट दिलंत की माणूस उपकाराखाली येतो आणि तोंड चुकवतो. विकलंत की हक्काने परत येतो."

पण हे पटवून काही होणार नव्हतं आणि ते त्यांना कळलं. दुसऱ्या बुधवारी त्यांनी एकच नियम केला : स्वतःच्या मालासमोर कोणी बसायचं नाही. लेल्यांच्या आईंच्या लोणच्यासमोर सासूबाई, सासूबाईंच्या गोधड्यांसमोर लेल्यांची आई. झालं! स्वतःचं वाटून टाकता येतं, पण दुसऱ्याचं कसं वाटणार? "माझं असतं तर दिलं असतं हो, पण हे त्यांचं आहे," असं म्हणत माझ्या सासूबाईंनी खुद्द माझ्या नवऱ्याला एक पैसा सोडला नाही. त्या रात्री त्या पोटभर जेवल्या. मला त्यांच्या धडधडीचं नावही पुन्हा ऐकू आलं नाही. हळूहळू शेजारपाजारचे अमेरिकन लोक यायला लागले, एक शेतकरी ट्रकमधून मका घेऊन यायला लागला, आणि पार्किंगमधून पलीकडे जायला मलाही वेळ लागायला लागला.

तिसऱ्या वर्षी टाऊनशिपमधून, म्हणजे इथल्या नगरपालिकेतून, पत्र आलं, की क्लिनिकच्या जागेत विक्री करायला परवाना लागतो आणि त्यासाठी सुनावणीला हजर राहा. मी डॉक्टरांबरोबर गेले होते. सूट, टाय, सगळं घालून आले होते. लोकांमधून एक गृहस्थ उठले आणि तसे सभ्यपणेच म्हणाले, की तुमच्या देशात ही पद्धत असेल, पण इथे आपण असं रस्त्यावर मांडून विकत नाही. डॉक्टर जणू याचीच वाट बघत होते. "सर, ही माझ्या देशातली पद्धत नाही," ते म्हणाले. "ही मी इंग्लंडमध्ये शिकलो. तुमच्या पणजोबांकडून तिथून येताना ही बोटीत आणायची राहून गेली. मी फक्त ती पोचवतोय." खोलीत हशा पिकला. ते गृहस्थही हसले. परवाना मिळाला, फक्त एका उन्हाळ्यापुरता, दरवर्षी नवा अर्ज. त्या संध्याकाळी मला वाटलं होतं की जे लोक यांना इंग्रजाळलेले म्हणतात त्यांना इथे आणून बसवायला हवं होतं. त्या इंग्रज गावावर जीव होता म्हणून तर आमच्या मिरजेच्या, नागपूरच्या आया इथे जगल्या. आता सांगा, त्यात तो 'पण' कुठे बसतो?

या वर्षीचा अर्ज भरायचा राहिला होता. डॉक्टर गेले, आणि मंडळाने 'बाजार दिवस' ठरवूनही टाकला. खरं सांगते, मीसुद्धा मनातून सोडून दिलं होतं. गेल्या बुधवारी, या उन्हाळ्यातल्या बाजाराचा तो पहिला दिवस असता, चारच्या सुमारास मला ऑफिसात लेल्यांच्या सुनेचा फोन आला, की आई घरात नाहीत. मी घरी फोन केला, तर या वर्षी पुन्हा आलेल्या आमच्या सासूबाईही उचलेनात. गाडी काढून निघाले आणि क्लिनिकच्या अलीकडे अर्ध्या मैलावर मला त्या दिसल्या. तिथे फूटपाथ नाही. रस्त्याच्या कडेच्या गवतातून पाच बायका एकामागे एक चालल्या होत्या, साड्या, पायात कॅनव्हासचे बूट, हातात पिशव्या, आणि मधल्या दोघींनी मिळून एक घडीचं टेबल धरलेलं. मी गाडी थांबवली. सासूबाई म्हणाल्या, "न्यायला कोणी आलं नाही, म्हणून निघालो. बाजार काय तेवढ्याने थांबवायचा?"

पार्किंगमध्ये कुमुद आधीच आली होती. तिच्यासमोर मेथीच्या जुड्या होत्या, वीसपंचवीस. डॉक्टरांनी जायच्या आधल्या आठवड्यात घरामागे मेथी पेरली होती आणि ती आता काढायला आली होती. "घरात बघवेना," ती म्हणाली. सासूबाईंनी तिला उठवलं, गोधड्यांसमोर नेऊन बसवलं आणि मेथीसमोर स्वतः बसल्या. मक्याचा ट्रक आला. लोक आले, कसं कळलं कोण जाणे, पण आले. साडेपाचला टाऊनशिपचा माणूस आला, हातात क्लिपबोर्ड. थेट मेथीच्या टेबलाशी जाऊन त्याने विचारलं, "इथे इनचार्ज कोण आहे?" मी पुढे झाले. परवाना नव्हता.

"काय म्हणतोय गं हा?" सासूबाईंनी विचारलं.

"विचारतोय, हा बाजार कोणाचा?"

सासूबाईंनी दोन जुड्या उचलल्या, पाणी झटकलं आणि त्याच्या क्लिपबोर्डवर ठेवल्या. "त्याला म्हणावं, आधी मेथी घ्यायची की नाही ते सांग. मागे लोक खोळंबलेत."

त्याने मागे वळून बघितलं. खरंच आठदहा माणसं उभी होती. त्याने पाकीट काढलं, मेथी घेतली, मला अर्जाचा कोरा कागद दिला आणि बाजूला झाला. तो अर्ज मी दुसऱ्या दिवशी माझ्या नावाने भरला.